लालबाग-परळचा कौल : गिरणगावातील एका मतदारसंघाचा निवडणूक इतिहास

मुंबई महापालिकेच्या एफ-दक्षिण विभागात मोडणारे लालबाग आज गणेशोत्सवातील रांगांमुळे आणि चिवडा गल्लीमुळे ओळखले जाते. मुंबईच्या राजकारणात मात्र या वस्तीचे स्थान वेगळेच आहे. लाल बावट्याचा बालेकिल्ला ते शिवसेनेचा गड हा शहराचा प्रवास ज्या मोजक्या मतदारसंघांतून घडला, त्यांत लालबाग-परळचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

चाळीला मत मिळाले

स्वातंत्र्यापूर्वी महापालिकेचा मताधिकार कर भरणाऱ्या किंवा ठरावीक रकमेहून अधिक भाडे देणाऱ्या नागरिकांपुरता मर्यादित होता. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगारांपैकी बहुतेकांना त्यामुळे मतच नव्हते. १९४८ साली प्रौढ मताधिकारावर महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि चाळींतील कोकणी व घाटी कामगार प्रथमच मतदार बनला. या कामगाराची संघटना त्यापूर्वीच उभी होती. गिरणी कामगार युनियनची स्थापना १९२८ ची, आणि परळची दळवी बिल्डिंग हे तिचे ठाणे. पुढील दोन दशके कम्युनिस्ट उमेदवारांना येथे जे बळ मिळाले, त्याचे मूळ या संघटनेत होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने या बळाला मराठी अस्मितेची जोड दिली. १९५७ मध्ये समितीच्या लाटेत श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. महापालिकेतही समितीची सत्ता आली. त्याच वर्षी मो. वा. दोंदे महापौर झाले, तर १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर यांना ते पद मिळाले. कृष्णा देसाई हे लालबागचे नगरसेवक याच परंपरेतून पुढे आले. १९६७ मध्ये ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने परळमधून विधानसभेवर निवडून गेले.

१९७० ची पोटनिवडणूक

दरम्यान १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली होती. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत १४० पैकी ४२ जागा जिंकून या पक्षाने सर्वांना चकित केले. गिरणगावातील तरुण दोन झेंड्यांखाली विभागला गेला. एकाच चाळीत बाप युनियनचा आणि मुलगा शाखेचा, असे चित्र दिसू लागले.

५ जून १९७० रोजी कृष्णा देसाई यांची लालबागमध्ये हत्या झाली. या प्रकरणी शिवसैनिकांवर खटला चालला व त्यातील काही जणांना शिक्षा झाली. रिक्त जागेसाठी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. कम्युनिस्ट पक्षाने देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उमेदवारी दिली. शिवसेनेने वामनराव महाडिक यांना उभे केले. पतीच्या हत्येची सहानुभूती असतानाही महाडिक यांना ३१,५९२, तर सरोजिनी देसाई यांना २९,९१३ मते पडली. अवघ्या १,६७९ मतांच्या फरकाने शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत पोहोचला.

या निकालाने लालबागमधील डाव्यांचा पाया एका रात्रीत नाहीसा झाला, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. जवळजवळ निम्म्या मतदारांनी लाल बावट्यालाच साथ दिली होती. शिवाय १९७२ च्या विधानसभेत शिवसेनेचे गिरगावचे प्रमोद नवलकर हे एकमेव आमदार होते. परळची जागा तिला राखता आली नाही. महाडिक पुढे १९७८ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

संप आणि त्यानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसला, पण त्याचा राग मतपेटीतून व्यक्त झाला. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची देशव्यापी लाट होती आणि महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा त्या पक्षाने जिंकल्या. तरीही दक्षिण-मध्य मुंबईतून डॉ. दत्ता सामंत निवडून आले. गिरणगावाने कामगार नेत्याला दिलेला हा अखेरचा मोठा कौल.

१९८५ मध्ये महापालिकेत १७० पैकी ७४ जागा मिळवून शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. १९८९ मध्ये सामंतांची लोकसभेची जागा महाडिक यांनी घेतली. १९९१ पासून २००४ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत मोहन रावले तेथून विजयी झाले. परळ विधानसभेतून १९९० मध्ये शिवसेनेचे विठ्ठल चव्हाण निवडून आले. १९९२ मध्ये त्यांचीही हत्या झाली. बावीस वर्षांत दोन विद्यमान आमदार अशा रीतीने गमावणारा हा मतदारसंघ आहे.

बदललेल्या सीमा

२००८ च्या पुनर्रचनेत परळ हा मतदारसंघच नकाशावरून पुसला गेला आणि लालबाग शिवडीत समाविष्ट झाले. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर यांनी शिवसेनेचे दगडू सकपाळ यांचा पराभव केला. मराठी मते विभागली की गड कसा हलतो, हे त्यावेळी दिसले. २०१४ मध्ये अजय चौधरी यांनी ही जागा शिवसेनेकडे परत आणली, २०१९ मध्ये ती राखली आणि पक्षफुटीनंतर २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षातर्फे पुन्हा जिंकली.

महापालिकेच्या प्रभागांची संख्याही वाढत गेली. १९६८ च्या १४० जागा १९८५ मध्ये १७०, १९९२ मध्ये २२१ आणि २००२ पासून २२७ झाल्या. प्रत्येक फेररचनेत एखादी चाळ या प्रभागातून त्या प्रभागात जाते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे प्रशासक होता. या काळात लालबागकराला नगरसेवकच नव्हता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ठाकरे बंधूंचे दोन्ही पक्ष एकत्र लढले. शिवडीत ज्यांनी एकमेकांना पाडले, तेच येथे एका बाजूला आले.

गिरण्यांच्या जागी आता मनोरे उभे आहेत. पुनर्विकासात कोणाला येथेच घर मिळते, तर कोणाला कल्याण-विरार गाठावे लागते. ज्या मतदारांनी १९७० चा निकाल घडविला, त्यांच्या नातवंडांची नावे लालबागच्या मतदारयादीत किती उरतात, यावरच या प्रभागाचा पुढील इतिहास ठरणार आहे.