वस्ताद शोधताना



वालचंदनगरच्या भोंग्यावर कळंबमध्ये घड्याळं लावली जायची, हे आपल्या १९९६ च्या तुकडीला सांगायला नको. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात कोणी टर्नर होतं, कोणी फिटर, कोणी वेल्डर. ही माणसं काम कुठे शिकली, हा प्रश्न मला मात्र चाळिशी ओलांडल्यावर पडला.

१९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर ऊस पिकवला, साखर कारखाना काढला. पुढे त्या वसाहतीला त्यांचंच नाव मिळालं. साखर कारखाना म्हटला की वर्कशॉप आलंच. गाळप चालू असताना एखादा भाग तुटला तर तोडलेला ऊस थांबत नाही, वाळत जातो. हंगाम संपला की मिलचे झिजलेले रोलर लेथवर चढवून त्यांच्या खाचा पुन्हा कापाव्या लागतात. अशा कामांतून आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या पोरांचे हात तयार झाले. नंतर वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली आणि १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी रॉकेट मोटरची केसिंगही.

१९६१ मध्ये अॅप्रेंटिस कायदा झाला. आयटीआयचा दाखला आणि शिकाऊ म्हणून विद्यावेतन मिळू लागलं. पण हात धरून शिकवणारा वस्ताद ज्याचा त्यालाच शोधावा लागे. माझे वडील सांगायचे, पहिले सहा महिने ते एका जुन्या टर्नरच्या मशीनखालचा कीस झाडत होते. मग एक दिवस वस्ताद म्हणाले, "धर हँडल."

मी आठवीत असताना बाबांना म्हटलं होतं, मला लेथ शिकवा. ते म्हणाले, "तू कॉम्प्युटर शिक." मी शिकले. इंजिनिअरिंगला वर्कशॉपच्या तासाला एक जॉब केला, तोही निम्मा तिथल्या शिक्षकांनीच पुरा करून दिला. जर्नलवर सही मिळाली आणि विषय संपला.

बाबा गेल्यावर त्यांची पेटी उघडली. त्यात एक मायक्रोमीटर आणि त्यांनी स्वतः धार लावलेली अकरा टूल्स होती. कोणतं टूल कशासाठी, हे मला एकाचंही सांगता येईना. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली मी त्या पेटीपुढे अडाणी होते.

मग वस्ताद शोधायला निघाले. व्हिडिओ पाहिले, पुण्यात दोन वर्कशॉपमध्ये विचारलं. "मॅडम, आता सगळं सीएनसीवर होतं," असं उत्तर मिळालं. शेवटी वस्ताद सापडले कळंबमध्येच. बाबांच्या हाताखाली काम केलेले एक काका घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनं लेथ चालवतात. मी पेटी पुढे ठेवली. एक टूल हातात घेऊन ते म्हणाले, "ही धार तुझ्या बापाची. मला त्यानंच शिकवलं. उशीर केलास, पोरी."

गेलं वर्षभर एक आड एक शनिवारी मी तिथे जाते. पहिले दोन महिने फक्त ग्राइंडरवर धार लावणं. मग टूलचं टोक बरोबर सेंटरला आणणं. एचएसएस टूलनं लोखंड कापताना कीस निळा पडू लागला की वेग कमी करायचा. मशीन थरथरलं तर ते आधी कानाला कळतं, डोळ्याला नंतर. हे सगळं पुस्तकात मिळतं, पण आपला हात नेमका कुठे चुकतो हे पुस्तक सांगत नाही. काका सांगतात.

काकांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांच्या हाताला आता कंप आहे, बारीक माप मीच घेते. जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ निघालं, त्या रॉकेटच्या केसिंगमध्येही वालचंदनगरचा वाटा होता, हे आपण अभिमानानं सांगतो. पण ज्यांनी हात घडवले त्या वस्तादांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

म्हणून एक विनंती. या मेळाव्याला येताना घरातल्या थोरांना एवढंच विचारून या: तुम्हाला कोणी शिकवलं? उत्तरं एका वहीत लिहून शाळेत ठेवू. मी विचारायचं राहून गेले. तुमच्यापैकी ज्यांना अजून विचारता येतंय, त्यांनी थांबू नका.