ग्रहण पाळलं नाही म्हणून

खंडाळ्याच्या माझ्या मावसभावाचा उजवा हात जन्मापासून लुळा. कारण घरात सगळ्यांना पाठ: मावशीनं ग्रहण पाळलं नाही. मावशीनंही ते मान्य करून टाकलेलं.

याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं. एर्ब या जर्मन डॉक्टरानं १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं. डोकं बाहेर येतं, खांदा अडकतो, आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. दरवेळी त्यात हलगर्जी असतेच असं नाही. ग्रहण मात्र कधीच नसतं.

मावशीनं दाद मागितली असती तर? मी जुने निकाल वाचले. जुलै १९६३, औरंगाबादचं सरकारी रुग्णालय. एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी नसबंदीची शस्त्रक्रिया. ताप आणि पोटदुखी थांबेना. पुन्हा पोट उघडलं, तर आत टॉवेल! २४ जुलैला ती गेली. खालच्या कोर्टानं नवऱ्याला ३६,००० रुपये भरपाई दिली, हायकोर्टानं ती काढून घेतली. सुप्रीम कोर्टानं ती परत दिली २० फेब्रुवारी १९९६ ला. डॉक्टरांच्या हलगर्जीची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही, एवढं ठरायला बत्तीस वर्षं.

त्याच्या तीनच महिने आधी डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले होते. सगळ्यांना फुकट उपचार देणारे सरकारी दवाखाने मात्र बाहेरच राहिले. मावशी तशाच दवाखान्यात बाळंत झालेली.

मी तिला फोनवर नसांचं चित्र दाखवलं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "मग हे त्या नर्सबाईंना माहीत होतं का रे?"