मूसची गोळी आणि हेगचा ठराव

मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला काडतुसाचा इतिहास कशाला हवा?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यात कधी बंदूक चालवली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण नीतीचे काही प्रश्न वस्तूंतच दडलेले असतात.

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. स्वीडन-नॉर्वेत नराचं वजन 400 किलोच्या पुढे जातं. तिथे दर शरद ऋतूत त्याची रीतसर शिकार होते. तर, त्याला कोणती गोळी योग्य?

1890 च्या दशकात या दोन्ही देशांचा राजा एकच होता. त्यांच्या संयुक्त समितीने सैन्यासाठी 6.5 × 55 हे काडतूस ठरवलं. 1905 मध्ये देश वेगळे झाले, काडतूस मात्र दोघांकडे राहिलं आणि शिकाऱ्यांच्याही हातात आलं. गोळी पेन्सिलीहून किंचित बारीक, पण लांब आणि सुमारे 10 ग्रॅम वजनाची. म्हणून खोल जाते.

आता बघा, काडतूस तेच असलं तरी गोळी तीच चालत नाही. सैनिकाच्या गोळीला पूर्ण धातूचं कवच असतं. ती आरपार निघून जाते आणि जनावर जंगलात शिरून तासन् तास तडफडतं. शिकारीची गोळी आत शिरल्यावर पसरते. हृदय-फुफ्फुसांत लागली तर मरण लवकर येतं.

अशाच पसरणाऱ्या गोळ्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ब्रिटिश सैन्यासाठी बनल्या. त्यावरून युरोपात गदारोळ झाला आणि 1899 च्या हेग परिषदेत युद्धात त्या वापरू नयेत असा ठराव झाला. ब्रिटन आणि अमेरिकेचा त्याला विरोध होता. आणि आज स्वीडनमध्ये मूसवर पसरणारीच गोळी झाडावी, असा कायदा आहे! माणसासाठी जी क्रूर ठरली, तीच जनावरासाठी दयेची. हा विरोधाभास आहे का? आम्हाला वाटतं, नाही. युद्धात शत्रू लढण्यास असमर्थ झाला की पुरे. त्याहून जास्त जखम ही निरर्थक यातना. शिकारीत मरण ठरलेलंच असतं. तिथे अर्धवट जखम हीच निरर्थक यातना. तत्त्व एकच, परिस्थिती वेगळी.

मग जास्त ताकद म्हणजे जास्त दया? तसंही नाही. 1946 मध्ये जॉन नोस्लर कॅनडात मूसच्या शिकारीला गेले. हातात .300 मॅग्नम, म्हणजे भरपूर जोर. पण गोळ्या वरच्या वरच फुटू लागल्या, आत पोचेनात. मग त्यांनी मधे धातूचा पडदा असलेली गोळी केली: पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून खोल जातो.

स्वीडिश नियमही नुसता जोर मोजत नाही. 100 मीटरवर 9 ग्रॅमच्या गोळीला 2700 ज्यूल लागतात, 10 ग्रॅमच्या गोळीला 2000 पुरतात. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारा कुत्रा दोन तासांत पोचला पाहिजे. नॉर्वेत मोठ्या शिकारीसाठी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते.

म्हणजे शेवटी काय? योग्य गोळी म्हणजे सर्वांत मोठी गोळी नव्हे. जी आपल्याला नेमकी मारता येते, आत जाऊन नीट पसरते आणि चुकली तर जिची जबाबदारी आपण घेतो, ती. शिकार करावी की नाही, हा प्रश्न याने सुटत नाही, हं. पण जो करतो, त्याचं कर्तव्य चाप ओढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न.