काळी, पांढरी आणि गढी : वऱ्हाडातील वतनदारांच्या घरांचा इतिहास

१/ अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील जुन्या गावात शिरताना घरांच्या वर डोके काढलेले मातीचे एक टेकाड अनेकदा दिसते. माथ्यावर बाभळी, एका अंगाने खरवडून नेलेली माती, कोपऱ्यात बुरुजाचा अर्धा गोल. गावकरी त्याला 'गढी' म्हणतात. इंग्लंडच्या खेड्यात जे स्थान मॅनर हाऊसचे, ते वऱ्हाडात या गढीचे होते.

२/ आरंभ मातीपासून करावा लागतो. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात : पिकाची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जमीन ती 'पांढरी'. पूर्णेच्या खोऱ्यातील, म्हणजे पायनघाटातील, काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या भिंती टिकत नाहीत. बांधकामाला पांढरी मातीच लागे. दगडाचे डोंगर उत्तरेस सातपुड्यात आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेत. इ. स. १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाने पूर्ण केलेला बाळापूरचा किल्लाही मुख्यतः विटांचाच आहे.

३/ गढीची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असे. उंचवट्यावर पांढऱ्या मातीचे थर चोपून तट उभारीत. तळाशी भिंत रुंद आणि वर निमुळती, म्हणजे पावसाचे पाणी ओसरावे आणि भार पेलावा. कोपऱ्यांवर बुरूज, तटात बंदुकीसाठी जंग्या. प्रवेशास एकच दरवाजा, त्यात वाकून जाण्याएवढी दिंडी आणि आत पहारेकऱ्यांच्या देवड्या.

४/ आत चौक, भोवती ओसरी व सोपा, मागे माजघर व देवघर. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर मातीचे धाबे. धान्यासाठी जमिनीखाली पेव, पाण्यासाठी विहीर. वेढा पडला तरी काही दिवस निभावेल, अशी ही योजना. ओसरीवर गावाचा न्यायनिवाडा होई आणि वसुलीचा हिशेबही तेथेच मांडला जाई.

५/ गढीचा धनी बहुधा देशमुख, देशपांडे किंवा पाटील. देशमुख परगण्याचा वसूल जमवी, ओसाड जमीन लागवडीस आणी, शिबंदी बाळगी; देशपांडे हिशेब ठेवी. मोबदला म्हणून वसुलात हक्क आणि काही इनाम जमीन मिळे. या वंशपरंपरागत अधिकाराला 'वतन' म्हणत. राज्ये बदलली तरी नव्या सत्तेला वसुलासाठी याच घराकडे यावे लागे.

६/ तटाची गरज का भासली? अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल होता आणि वसूलही दोघांत वाटला जाई. त्यात पेंढाऱ्यांच्या धाडी. अशा वेळी गुरेढोरे, बायकामुले आणि धान्य गढीत नेणे हाच गावाचा आसरा. वसुलीसाठी ज्या दरवाजाची भीती वाटे, तोच दरवाजा संकटात उघडावा म्हणून गाव वाट पाही.

७/ इंग्लंडमध्येही असेच एक घर आहे. श्रॉपशरमधील स्टोकसे कॅसल. नावात किल्ला असला तरी ते तटबंदीचे मॅनर हाऊसच. लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने ते तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधले आणि १२९१ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाकडून तटबंदीचा परवाना घेतला. मोठे दालन, मनोरे, खंदक, आणि वैभवाच्या मुळाशी लोकर.

८/ स्टोकसे आजही उभे आहे. वऱ्हाडातील गढ्या का ढासळल्या? पहिले कारण महसुलाचे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ पासून जमिनीची मोजणी सुरू झाली आणि शेतवार आकारणी करून सारा थेट खातेदाराकडून घेतला जाऊ लागला. देशमुख-देशपांड्यांचे मधले काम संपले. इंग्रज जमीनदाराचे बळ मुख्यतः मालकीच्या जमिनीत होते. गढीचे बळ मुख्यतः वसुलीच्या हक्कात. हक्क आटला, तसा डागडुजीचा पैसाही आटला.

९/ दुसरे कारण वारशाचे. इंग्लंडमध्ये इस्टेट बहुधा थोरल्या मुलाकडे अखंड जाई. येथे वाडा भावाभावांत वाटला गेला. चौकात भिंती उठल्या, आणि सामाईक तटाची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. त्याच सुमारास, १८६७ पर्यंत, भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. कापसाचा पैसा स्थानकांजवळच्या बाजारांत आणि जिनांत खेळू लागला. सत्तेचे ठिकाण गढीवरून पेठेत उतरले.

१०/ तिसरे कारण मातीचे. दर पावसाळ्याआधी मातीचे धाबे आणि तट सावरावे लागतात. ते थांबले की पाणी आत शिरते. मग गावकरी तीच पांढरी माती घरासाठी आणि शेतात घालण्यासाठी नेतात. कोणी गुप्तधनाच्या आशेने खणतो.

११/ केवळ दगडामुळे स्टोकसे वाचले, असे मात्र नाही. तेही एकेकाळी शेतीचे कोठार झाले होते. १८६९ मध्ये हातमोज्यांचे कारखानदार जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट यांनी ते विकत घेऊन दुरुस्त केले. वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून राज्य संरक्षित स्मारक झाला. ज्या घराची आठवण कोणी जपली, ते उरले.

१२/ गावोगावच्या बाकीच्या गढ्यांना असे थोर नाव लाभलेले नाही. पण वऱ्हाडचा वसूल, न्याय, भीती आणि आसरा यांचा इतिहास त्यांच्याच थरांत आहे, आणि तो दरवर्षी थोडा थोडा वाहून जातो. आपल्या गावातील गढी उरली असेल, तर तिचे छायाचित्र, दरवाजाचे मोजमाप आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी या पावसाळ्यापूर्वी नोंदवून ठेवाव्यात.