वासराच्या वाट्याचे दूध

वर्धा जिल्ह्याचा आणि चीज या पदार्थाचा संबंध शोधू गेल्यास तो प्रथम वर्ध्यात नव्हे, तर लंडनमध्ये सापडतो. 1888 ते 1891 या काळात बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी तेथे राहिलेल्या मोहनदास गांधी नावाच्या तरुणाने शाकाहारी मंडळींच्या सहवासात आहाराचे जे नाना प्रयोग केले, त्यांपैकी एक प्रयोग केवळ चीज, दूध आणि अंडी यांवर निर्वाह करण्याचा होता; आणि तो पंधरवडाभरही टिकला नाही, अशी प्रांजळ नोंद त्यांनीच पुढे आपल्या आत्मकथेत करून ठेवली आहे. प्रयोग मोडला तो अंड्यांपायी. मातेला दिलेल्या वचनातील मांस या शब्दाचा अर्थ स्वतःच्या सोयीने न लावता मातेने लावला असता तोच ग्राह्य धरला पाहिजे, आणि त्या अर्थात अंडी येतात, असा निर्णय त्यांच्या विवेकबुद्धीने दिला. मौज अशी की, मांस कशास म्हणावे याचा एवढा सूक्ष्म काथ्याकूट करणाऱ्या त्या प्रकरणात चीजवर मात्र कोणी हरकत घेतलेली दिसत नाही. वास्तविक त्या काळचे विलायती चीज, मातेच्या व्याख्येप्रमाणे पाहता, अंड्याहून अधिक आक्षेपार्ह ठरले असते.

कारण चीज जमते ते रेनेटने, आणि रेनेट येते ते दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून. मातेचे दूध पोटात गेल्यावर ते लगेच पुढे वाहून न जाता घट्ट व्हावे आणि सावकाश पचावे यासाठी निसर्गाने वासराला कायमोसिन नावाचे एक पाचक द्रव्य दिलेले असते. वासरू चारा खाऊ लागले की ते उत्तरोत्तर कमी होत जाते. म्हणून युरोपातील चीज करणारा लहान वासराचे जठर वाळवून ठेवी, त्याचा तुकडा खारट पाण्यात भिजवी आणि ते पाणी कोमट दुधात घाली. अर्ध्यापाऊण तासात दुधाचा सुरीने कापता येईल असा गोळा होई. पोलंडमध्ये सापडलेल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या सच्छिद्र खापरांवर दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळाले आहेत आणि ती चीज गाळण्याची भांडी होत, असे संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ही विद्या लोखंडाहूनही जुनी. परंतु तिच्या मुळाशी एक व्यवहार आहे, ज्याचा उच्चार चीजचे गोडवे गाणारे सहसा करीत नाहीत. तो व्यवहार म्हणजे दुधाळ गाईच्या देशात गोऱ्हा निरुपयोगी ठरतो, त्याला पोसणे परवडत नाही, आणि म्हणून त्याचे मांस ताटात, जठर चीजच्या कढईत आणि त्याच्या वाट्याचे दूध चीजमध्ये जाते.

वर्ध्याचा हिशेब नेमका याच्या उलट होता. हा जिल्हा 1862 मध्ये नागपूरपासून वेगळा काढण्यात आला. त्याची कचेरी प्रथम पुलगावजवळच्या कवठ्यास होती आणि 1866 मध्ये पालकवाडी या मौजाच्या जागी नवे वर्धा शहर वसविण्यात आले. काळी कसदार जमीन, कपाशीचे पीक आणि हिंगणघाटची बाजारपेठ, एवढ्या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे येथील रयतेची सारी मदार कोणावर होती हे वेगळे सांगावयास नको. पहिल्या पावसानंतर चिकट होणारी ती जमीन वखरावयाची, डवरावयाची, आणि हंगामात कापसाच्या गाड्या बाजारात पोहोचवावयाच्या, हे सारे बैलाचे काम. सरकार तगाई देई ती बी-बियाण्यास, विहिरीस आणि बैलजोडीस. दुभत्यासाठी तगाई मागावयास तहसीलीत जाणारा कास्तकार त्या काळी थट्टेचाच विषय झाला असता. इटलीत एमिलिया-रोमान्या प्रांतातील क्रेदितो एमिलियानो ही बँक पारमेजान चीजची मोठमोठी चाके आपल्या गोदामात तारण ठेवून घेऊन कर्ज देते, ही गोष्ट ऐकून आपल्याला हसू येते. पण सावकाराने कास्तकाराच्या गोठ्यातील बैल मोजून त्याची पत ठरविणे आणि या बँकेने चाके मोजणे यांत तत्त्वतः फरक काय? ज्या मुलखाचे धन ज्या रूपात साठते, त्या रूपातच तारण घेतले जाते.

या जिल्ह्याचे धन गवळाऊ नावाच्या जातीच्या रूपाने आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात साठले होते. पांढरा शुभ्र वर्ण, सडपातळ बांधा, लांबट निमुळते तोंड, आखूड शिंगे आणि चालण्यातील विलक्षण चपळाई ही या जनावराची लक्षणे. मराठ्यांच्या फौजांना गोंडवनाच्या घाटवाटांतून रसद जलद नेता यावी यासाठी हा बैल मुद्दाम जोपासला गेला, अशी परंपरा सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, बैलाकडे पाहिल्यावर खोटी वाटत नाही. दुधाच्या बाबतीत मात्र गवळाऊ गाय मोठी दाती नव्हे. एका वेतात सरासरी सुमारे सहाशे किलो दूध, असे या जातीचे मान दिले जाते. एक किलो पक्के चीज करावयास सुमारे दहा लिटर दूध लागते; म्हणजे वासराच्या तोंडी थेंबही न जाऊ देता सगळेच्या सगळे वेत कढईत ओतले, तरी वर्षअखेर साठ किलो चीज पदरात पडावे आणि त्याच्या बदल्यात एक उमदा गोऱ्हा हातचा जावा. हे गणित येथील गवळ्याला कोणी फळ्यावर मांडून दाखविण्याची आवश्यकता नव्हती. तो धार काढताना वासराला आधी पान्हा फोडू देई आणि मागे त्याच्यासाठी दूध राखी. ज्या गोऱ्ह्याचा पुढे बैल करावयाचा त्याच्या आईचे दूध तर हात आखडूनच काढले जाई.

हे गवळी बहुतांशी नंद गवळी. कृष्णाचा पालनकर्ता नंद हा आपला मूळ पुरुष, असे ते मानतात. गवळ्यांची सत्ता ही आज दंतकथा वाटते. पण देवगडास गोंडांच्या आधी गवळी राजे होते अशी परंपरा आहे, आणि सातपुड्याच्या माथ्यावरचा गाविलगड आजही त्यांचेच नाव वागवितो. या लोकांनी दूध टिकविण्याच्या ज्या युक्त्या काढल्या, त्या सगळ्या अग्नीच्या होत्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या प्रदेशात दुसरे काय सुचणार? फ्रान्समधील रोकफोर गावच्या ज्या डोंगरी गुहांत तेथले प्रसिद्ध निळ्या बुरशीचे चीज मुरते, त्या बारमाही थंड आणि ओलसर असतात. आर्वीच्या डोंगरात अशी गुहा कोणी दाखवून द्यावी. येथे दुधातील पाणी घालविणे हाच टिकविण्याचा मार्ग. तूप कढविले की त्यात पाण्याचा अंश उरत नाही, म्हणून ते उन्हाळा सोसते; खवा आटविला की तो दूरच्या बाजारापर्यंत तग धरतो.

खव्याची कढई एकदा जवळून पाहावी. पसरट लोखंडी कढई, खाली चरचरणारी लाकडे, आणि काठाशी बसलेला माणूस लांब दांड्याचे खुरपे तळाशी सतत फिरवीत असतो. प्रथम दूध उतास जाऊ पाहते, मग थकल्यासारखे खाली बसते, त्याचा रंग किंचित मळतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, आणि एका विशिष्ट क्षणी सारा ऐवज कढईचे काठ सोडून मध्यभागी गोळा होतो. त्या क्षणी खाली उतरविला नाही तर करपतो, अगोदर उतरविला तर सैल राहतो. तो क्षण घड्याळाने सापडत नाही.

आता कोणी म्हणेल की, दूध फाडणे हे आपल्याकडे अशुभ मानले गेले, म्हणून चीज झाले नाही. या स्पष्टीकरणावर माझा फारसा विश्वास नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात जो ‘मानसोल्लास’ सिद्ध केला, त्यात आंबट घालून दूध फाडण्याची आणि त्या चोथ्याचे पक्वान्न करण्याची कृती आहे; दक्षिणेच्या राजाच्या मुदपाकखान्यात जे चालले ते प्रजेला पाप वाटले असेल, हे संभवत नाही. शिवाय आपण ज्याला चक्का म्हणतो, म्हणजे दही पंचात बांधून रात्रभर खुंटीला टांगल्यावर जे उरते ते, पाश्चात्त्य वर्गीकरणाप्रमाणे ताजे चीजच होय; आपण त्यात साखर आणि वेलदोडा घालून त्याचे श्रीखंड केले, म्हणून त्याची जात बदलत नाही. खरवसाची गोष्ट तर याहून विस्मयकारक आहे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचा पिवळसर, दाट चीक गूळ घालून वाफेवर ठेवला की कसलेही विरजण, आंबट अथवा रेनेट न घालता तो आपोआप वडी पाडण्याइतका घट्ट होतो, कारण नवजात वासराच्या रक्षणासाठी त्यात भरलेली प्रथिने उष्णतेने थिजतात. म्हणजे आंबटाने जमविणे ठाऊक होते, उष्णतेने जमविणे ठाऊक होते. राहिले ते केवळ वासराच्या जठराने जमविणे. आणि तेथे आड आला तो अशुभाच्या समजुतीपेक्षा वासराचा भाव.

ज्या लोण्याचे आणि तुपाचे आपण गोडवे गातो, त्याचाही काही भाग येथे बैलालाच परत मिळे. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून मळावयाचे आणि शेकावयाचे, ही वऱ्हाड-नागपूरकडची सार्वत्रिक रीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे येथे तर चाकांवरचे लाकडी नंदी एवढे प्रचंड असतात की ते ओढावयास घरचे मूल पुरत नाही, मोठ्यांनाच हात लावावा लागतो. चीजच्या देशांतही अशा भव्यतेचा सोस आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील चेशर गावच्या शेतकऱ्यांनी 1802 च्या नववर्षदिनी अध्यक्ष जेफर्सन यांना सुमारे 1235 पौंड वजनाचे एकच चीज नजर केले होते. जो तो आपल्या कुलदैवताची मूर्ती मोठी करतो, एवढेच.

वासराच्या जठराची ही अडचण इंग्रजांच्याही ध्यानात आली होती. हिंदुस्थानात चीज करावे, पण ते हिंदूंना चालावे, या हेतूने सिंध-पंजाबकडील एका झुडपाच्या फळांकडे त्यांचे लक्ष वळले. आपल्या अश्वगंधेचे हे सख्खे भावंड. त्याच्या फळांनी दूध जमते हे तिकडील लोकांना पूर्वापार माहीत होते. 1883 मध्ये केंब्रिजच्या शेरिडन ली यांनी त्या बियांतील द्रव्य वेगळे काढून ते रेनेटप्रमाणे काम करते असे दाखवून दिले. शास्त्र यशस्वी झाले, व्यापार झाला नाही. अशा द्रव्याने जमविलेले चीज मुरताना कडवट होते, ही त्याची मोठी खोड.

मग गांधीजी वर्ध्यास आले. 1934 च्या डिसेंबरात मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, 1936 च्या एप्रिलअखेर ते शेगावी राहावयास गेले, आणि पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. गाई-म्हशींच्या दुधाचा त्यांनी 1912 मध्येच त्याग केला होता. 1919 च्या आरंभी, आजारातून उठताना कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध स्वीकारले, आणि त्या तडजोडीचे शल्य जन्मभर बाळगले. असे असता गोसेवेचे शास्त्र उभे राहिले ते त्यांच्याच छायेत. जमनालाल बजाजांनी 1941 मध्ये गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले, गोपुरीत झोपडी बांधून ते राहिले, आणि 11 फेब्रुवारी 1942 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत हेच त्यांचे कार्य होते. संघाच्या सेवकाने गाईचेच दूध-तूप घ्यावे आणि चामडे वापरावयाचे तर मेलेल्या जनावराचेच वापरावे, असा दंडक होता. नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर मृत जनावरांची कातडी कमावीत, ती याच विचाराने. या योजनेचा सुसंगतपणा मला नेहमी थक्क करतो: दूध, शेण, कष्ट आणि शेवटी कातडे, अशी गाईची बाजू जमेस धरून तिला आर्थिक दृष्ट्या जगण्यालायक करावयाची. पण जोड्याचा प्रश्न असा सुटला तरी चीजचा सुटण्यासारखा नव्हता. कातडे म्हातारपणी मेलेल्या बैलाचे चालते. रेनेट मात्र दूधपित्या वासराचेच लागते. तेव्हा वर्ध्याच्या गोरस भांडाराने नाव कमाविले ते गाईच्या तुपातील गोरसपाकावर. खुसखुशीत, जाडसर, चहात बुडविला तर हां हां म्हणता विरणारा हा पदार्थ वर्ध्याहून परतणारा प्रवासी आजही बांधून नेतो.

पुढे दोन गोष्टी थोड्याथोडक्या अंतराने घडल्या. 1960 नंतरच्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी एका बुरशीपासून रेनेट काढले, आणि 1990 मध्ये वासराचा जनुक सूक्ष्मजीवात घालून तयार केलेल्या कायमोसिनला अमेरिकन सरकारने परवानगी दिली. जगातील बहुतेक चीजला त्यानंतर वासराच्या जठराची गरज उरली नाही. आज वर्ध्याच्या किराणा दुकानात हिरव्या ठिपक्याचे चीज निर्वेध मिळते, आणि त्यावर कोणाच्या मातेने आक्षेप घ्यावा असे काही नाही. दुसरी गोष्ट ट्रॅक्टरची. वखर आणि गाडी यांतून बैल सुटला, तसा गोऱ्ह्याचा भाव उतरला. 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीस कायद्याने बंदी झाल्यावर त्याला विकण्याचीही वाट अरुंद झाली. चीजला वासरू नको, शेतालाही नको. गवळाऊचे कळप रोडावले; कारंजा तालुक्यातील हेटीकुंडीच्या सरकारी पैदास केंद्रात आणि डोंगरातील काही गवळ्यांकडे त्या जातीचा वंश राखला जात आहे. उद्या कोणी वर्ध्यात चीजचा कारखाना काढावयाचे मनात आणले तर बुरशीचे रेनेट आहे, विजेवरची थंड खोली आहे, संकरित गाईंचे मुबलक दूध आहे. गवळाऊचे दूध तेवढे त्याला मिळणार नाही, कारण ज्या घरी ती गाय अजून आहे त्या घरी धार काढताना वासरासाठी दूध मागे राखण्याची रीतही अजून आहे.