मलबार हिलवरची मुमताज

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईतले तरुण धनाढ्य व्यापारी अब्दुल कादर बावला मुमताज बेगमसोबत मोटारीने मलबार हिलवर फिरायला निघाले होते. मागून आलेल्या मोटारीने त्यांना गाठलं. बावलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार झाले आणि तिला ओढून नेण्याची झटापट सुरू झाली. योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यांतल्या लेफ्टनंट सेगर्ट यांनी गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर झेप घेतली. मुमताज वाचली. बावला गेले.

हल्लेखोरांचा माग इंदूरला पोचला. नाचगाण्याच्या पेशातल्या घरात वाढलेली मुमताज पूर्वी तिथे महाराजा तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या जनान्यात होती. तिला नाव मिळालं होतं कमलाबाई. आपली नवजात मुलगी तिथे मारली गेली, असं तिने सांगितलं. मसुरीला नेलं जात असताना ती दिल्लीत उतरली आणि परत जायला ठाम नकार दिला. पुढे मुंबईत तिला बावलांचा आधार मिळाला.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे खटला चालला. इंदूरचे सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावाला खुद्द महंमद अली जिना उभे होते. तिघांना फाशीची शिक्षा झाली, फणसेंना जन्मठेप. त्याच वर्षी या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपटही पडद्यावर आला. महाराजांचं प्रेम, महाराजांचा अपमान, महाराजांची गादी यांचीच चर्चा रंगली. पण दगा झाला होता तो मुमताजशी. जिला जिवापाड जपल्याचा दावा होता, तिचा निघून जाण्याचा हक्क मात्र कुणालाच मान्य नव्हता. एका संस्थानिकाच्या सत्तेविरुद्ध, चेहऱ्यावरच्या जखमांसह, ती भर न्यायालयात बोलली. त्या काळी यासाठी किती छाती लागली असेल!

ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी राज्यत्याग केला. या प्रकरणाशी असलेल्या त्यांच्या कथित संबंधाची पुढे चौकशी होणार नाही, हे त्यात गृहीत होतं. आयोग बसलाच नाही. गोळ्या झाडणाऱ्यांना शिक्षा झाली. त्यांच्यामागे महाराजांचा हात होता का, हे मात्र कुठल्याही न्यायासनापुढे तपासलं गेलं नाही.