किरमिजी रंगाचा किडा आणि फड्या निवडुंग

‘किरमिजी’ हा शब्द मला फार आवडतो. कवितेत तो कधी मावळतीच्या आभाळासाठी येतो, कधी शालूच्या काठासाठी. पण या शब्दाच्या पोटात एक किडा दडलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फारसीत ‘किर्म’ म्हणजे किडा. आपला ‘कृमी’ आणि हा ‘किर्म’ एकाच घराण्यातले. त्यावरून ‘किरमिज’ झाला, तो मराठीत आला आणि तिकडे युरोपात जाऊन इंग्रजांचा ‘क्रिमझन’ झाला. पूर्वी हा लाल रंग खरोखरच वाळवलेल्या किड्यांपासून काढीत. त्या किड्यांच्या गोतावळ्यातल्या दोघांनी आपल्या माळरानांचा चेहराच बदलून टाकला, त्याची ही हकिकत.

मेक्सिकोत निवडुंगावर कोचिनील नावाचा किडा पोसला जाई. हा आपल्या पिठ्या ढेकणाचा लांबचा भाऊबंद. मादी एका जागी चिकटून बसते, सोंड खुपसून रस शोषते आणि अंगाभोवती कापसासारखे पांढरे आवरण करते. चिरडली, की बोट लालभडक होते. स्पेनच्या सत्तेखालील मेक्सिकोतून चांदीखालोखाल मोलाची निर्यात होई ती या किड्यांची. साहजिकच ईस्ट इंडिया कंपनीच्या तोंडाला पाणी सुटले. मद्रासेत जेम्स अँडरसन नावाच्या डॉक्टराने या रंगासाठी निवडुंगाची बागच लावली. पुढे १७९५ साली ब्राझीलहून काही किडे जहाजाने कलकत्त्याला पोहोचले.

पण आला तो निराळ्याच जातीचा किडा. रंग हलका, भाव नाही. कंपनीचा व्यापार काही जमला नाही. मात्र किड्याने आपले काम चोख केले. त्याने निवडुंग खाऊन फस्त केला. तेव्हा काही शहाण्यांच्या ध्यानात आले, की रंग नाही तर नाही, हा निवडुंग तरी आवरतो आहे! १८३६ ते १८३८ या काळात तो मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडला. तण मारण्यासाठी जाणूनबुजून किडा वापरण्याचा जगातला हा पहिला प्रयोग मानला जातो. आज ज्याला आपण ‘जैविक नियंत्रण’ असे भारदस्त नाव देतो, त्याचा एक उगम असा आपल्याच भूमीत, एका फसलेल्या व्यापारात आहे.

गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकेतूनच आलेला दुसरा एक काटेरी निवडुंग दक्षिणेत आणि दख्खनमध्ये पसरला. या फड्याला आधीचा किडा तोंडही लावीना. गावकुसाबाहेर, ओढ्याकाठी, पडीक रानात फड्याच फड्या. दुष्काळात लोकांनी काटे भाजून तो गुरांना घातला, पण एरवी तो जमीन गिळत होता. आमची दादी सांगायची, की तिच्या लहानपणी फड्याच्या जाळीत शेळी शिरली तर तिला सोडवायला दोन माणसे लागत. मग एके वर्षी फड्यांवर कापूस पिकल्यासारखे पांढरे दिसू लागले आणि बघता बघता सगळे बसले. ‘निवडुंगाला आजार आला’, असे तिचे म्हणणे. तो आजार नव्हता. १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा कोचिनील किडा भारतात आणला होता. काही वर्षांतच त्याने कोयत्या-कुऱ्हाडीला न हटलेला निवडुंग हटवला. शिवाय ज्वारी-बाजरीला त्याने शिवलेदेखील नाही. त्याचे अन्न ठरलेले.

ऑस्ट्रेलियात तर निवडुंगाने सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली होती, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन चतुर्थांशाहून जास्त! तिथे १९२५ साली अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली. त्याच्या अळ्यांनी निवडुंग आतून पोखरला. बूनारगा गावच्या लोकांनी १९३६ साली त्या पतंगाच्या नावाने स्मारक म्हणून सभागृह बांधले. पण त्याच देशाने १९३५ साली उसातल्या भुंग्यांसाठी हवाईहून बेडूक आणले. त्यांनी भुंगे आवरले नाहीत. उलट त्यांच्या विषाने तिथले वन्यप्राणी मरू लागले. परक्या जिवाला घरात घेण्यापूर्वी तो काय खातो, काय खात नाही, हे नीट पारखावे लागते, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे ही पारख झालेली आहे. पुण्यात १९५५ साली नजरेस आलेले गाजरगवत पुढे देशभर फोफावले. त्यासाठी १९८४ साली बंगळूरला मेक्सिकन भुंगा सोडला गेला. पुढे तो सूर्यफुलाची पाने कुरतडताना दिसला, तेव्हा मोठी ओरड झाली. तपासात निघाले, की गाजरगवताचे पराग पानांवर पडल्यामुळे तो तिकडे वळत होता. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला चाळण झालेली गाजरगवताची पाने दिसली, तर ती त्याचीच करणी समजा. सगळे गवत तो संपवू शकलेला नाही, पण बिनपगारी राबतो आहे.

हे सगळे आज का सांगायचे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप, नाकावर साधा रुमाल, डोक्याएवढी वाढलेली कपाशी आणि बोंडअळीची धास्ती. फवारणीची कधीच गरज नसते, असे मी म्हणणार नाही; कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला बाहेरून उपदेश करणे सोपे असते. पण विषाला ओळखपाळख नसते. मावा मरतो, तसा माव्यावर जगणारा ढालकिडाही मरतो. मावा लवकर परततो, ढालकिड्याला वेळ लागतो. मग पुन्हा फवारा, पुन्हा खर्च.

म्हणून पंप उचलण्याआधी चार झाडांची पाने उलटून पाहावीत. खाणारे किती आणि त्यांना खाणारे किती, याची मोजदाद करावी. कृषी विद्यापीठे हेच सांगत आली आहेत. ‘कीड’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. भाषेतल्या त्या एका शब्दाखाली आपले वैरी आणि आपले सोबती दोघेही राहतात. त्यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखायला शिकलो, तर पिकाचे भले होईल आणि पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचेही.